वाट कोणास पुसावी?

आमचे एक स्नेही अमरावतीस तीस वर्षे शिक्षकाचे काम करून निवृत्त झाले. निवृत्त शिक्षकाने एखादे चरित्र लिहावे किंवा बाग लावावी, अशी आमची समजूत. त्यांनी यांपैकी काहीही न करता एक जुनी लहान बस विकत घेतली, तिच्यातील बाके उपटून काढली, आणि त्या जागी दोन बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी व कपाटाएवढे एक न्हाणीघर बसविले. त्यांच्या कुटुंबास गुडघ्यांच्या दुखण्यामुळे परक्या ठिकाणचे जिने चढवत नाहीत. तेव्हा घरच बरोबर न्यावे, असा हा विचार होता. घरास चाके लावण्याची ही कल्पना आपल्याकडे आता अगदीच अपूर्व राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. असो. घर सिद्ध झाल्यावर स्नेह्यांनी एके दिवशी आम्हांस विचारले, "वाट दाखविणारे यंत्र कोणते घ्यावे?"

प्रश्न बाजाराचा होता, आणि 'दुकानदारास विचारा' असे सांगून आम्हांस मोकळे होता आले असते. परंतु त्यांनी तीन प्रकार पुढे मांडले. पहिला खिशातल्या फोनचाच. तो लागेल तसतसा नकाशा दूरध्वनीच्या जाळ्यातून मागवून घेतो. दुसरे निराळे यंत्र, ज्याच्या पोटात सारा नकाशा आधीच भरून ठेवलेला असतो. तिसरे परदेशांत अशा मोटारघरांसाठीच विकले जाते. त्यास वाहनाची उंची, रुंदी आणि वजन एकदा सांगून ठेवले म्हणजे ते ठेंगणा पूल किंवा अरुंद गल्ली टाळून वाट आखते. आम्ही विचार करू लागलो तसतशी या निवडीमागे दडलेली दुसरीच एक निवड दिसू लागली. अनोळखी मुलुखात आपण कोणाचे ऐकावे? आणि ऐकून फसलो, तर तो दोष कोणाचा?

हा प्रश्न आम्हांस झोंबण्यास एक खासगी कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने आम्ही अकोल्यास नुकतेच राहावयास गेलो होतो. एका रात्री दहाच्या सुमारास एक जीप आमच्यापाशी थांबली. आत घोंगडीत गुंडाळलेले एक मूल होते, आणि त्याचा श्वास बाहेर ऐकू येत होता. गाडी चालविणाऱ्याने एका डॉक्टरांचे नाव घेऊन त्यांचे घर विचारले. नाव आम्ही ऐकलेले होते, घर पाहिलेले नव्हते. 'ठाऊक नाही' हे दोन शब्द उच्चारण्यास काय हरकत होती? पण आपणांस कोणी गावचा माणूस समजून विचारतो आहे, याचे एक क्षुद्र सुख असते. "मोर्णेच्या पुलावरून पलीकडे जा, जुन्या शहरात, डाव्या हातास," असे आम्ही मोठ्या खात्रीने सांगितले. जीप गेली. दुसऱ्या दिवशी कळले, की डॉक्टर नदीच्या अलीकडेच, आम्ही उभे होतो तेथून दोन गल्ल्या सोडून राहात असत. त्या मुलाचे पुढे काय झाले हे आम्हांस कधीही कळले नाही. डॉक्टरांकडे जाऊन विचारण्याचे धैर्य आमच्याने झाले नाही. त्यानंतर अकोल्यात आम्ही अकरा वर्षे राहिलो, आणि तो पूल ओलांडावयाचा प्रसंग आला म्हणजे शक्यतो दुसऱ्याशी बोलत बोलत ओलांडीत असू.

तेव्हा यंत्राच्या चुकांवर बोट ठेवण्यापूर्वी आम्हांस थोडा संकोच वाटतो. वाट चुकविण्याची कला काही यंत्राने आणलेली नाही.

यंत्र करते काय, ते आधी पाहू. आकाशातला उपग्रह आपल्यावर नजर ठेवून असतो, अशी पुष्कळांची कल्पना असते. ती चुकीची आहे. उपग्रहास आपण ठाऊकही नसतो. तो फक्त आपल्या घड्याळाची वेळ आणि आपले ठिकाण यांची सतत घोषणा करीत असतो. ही घोषणा किती उशिराने पोचली त्यावरून आपल्या हातातले यंत्र उपग्रहाचे अंतर काढते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे जुळली म्हणजे आपण कोठे आहो हे त्यास कळते. सेकंदाच्या दशलक्षांश भागात प्रकाश तीनशे मीटर जातो. म्हणजे घड्याळात एवढीशी चूक झाली तरी आपण अमरावतीच्या एका चौकातून दुसऱ्यात जाऊन पडू. इतकी नाजूक ही विद्या आहे. तिचे काम मात्र येथे संपते. 'तुम्ही येथे आहां' एवढेच ती सांगते. तेथे रस्ता आहे की विहीर, हे सांगणारा नकाशा दुसऱ्या कोणी केलेला असतो. आणि अनेक रस्त्यांपैकी अमक्याने जा हा सल्ला तिसऱ्याच कोणाचा, म्हणजे हिशेबाची रीत बसवून देणाऱ्याचा असतो. स्थान, नकाशा आणि सल्ला या तीन वस्तू एकाच आवाजात बोलतात, म्हणून पहिलीची अचूकता आपण नकळत उरलेल्या दोहोंच्याही पदरात टाकतो. आमच्या मते बहुतेक घोटाळा येथेच होतो.

पहिलीविषयी आम्हांस आदरच आहे, आणि वऱ्हाडच्या माणसास तो विशेष असावयास हवा. १८०२ साली मद्रासेस सुरू झालेली भूमापनाची साखळी विल्यम लॅम्टन याने कन्याकुमारीच्या बाजूपासून उत्तरेस आणीत आणीत एलिचपूरच्या आग्नेयेस टाकळखेड्यापर्यंत आणली होती. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर. पुढे नागपुराकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे तो वारला. त्याचे थडगे तेथे आहे. अर्ध्या टनाहून जड असे ते कोन मोजण्याचे यंत्र माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यांवर चढत असे, आणि निशाण धरून उभे राहणाऱ्यांपैकी कित्येक तापाने मेले. त्यांची नावे कोणी जपून ठेवली नाहीत. आजचे ज्ञान तितक्या कष्टाचे दिसत नाही, परंतु तेही कोणाच्या तरी मर्जीवर व खर्चावर चालते. अमेरिकेच्या लष्करी उपग्रहांचे संकेत सामान्यांस २ मे २००० पर्यंत मुद्दाम बिघडवून दिले जात होते, त्यामुळे शंभर मीटरांपर्यंत चूक पडे. त्या दिवशी तो बिघाड काढून घेण्यात आला. भारताने १ जुलै २०१३ रोजी आपला पहिला दिशादर्शक उपग्रह सोडला आणि पुढे सातांची मालिका उभारली. पहिल्याची अणुघड्याळे बंद पडली तेव्हा त्याच्या जागी २०१८ साली दुसरा पाठवावा लागला. घड्याळ बंद पडले हे येथे लपविता येत नाही. आकाशातली ही विद्या आपली चूक मोजते आणि कबूल करते. तिच्यावर विश्वास टाकण्यास आम्हांस तेवढे कारण पुरेसे वाटते.

नकाशाची गोष्ट निराळी. तो ज्या दिवशी काढला त्या दिवशीचा असतो, आणि आपण आजच्या दिवशी प्रवास करीत असतो. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडून कळसूबाईस निघालेली एक मोटार रात्रीच्या अंधारात कोतुळजवळ सरळ पाण्यात गेली. वाट फोनवरील नकाशा दाखवीत होता. नकाशात पूल होता, आणि पूल खरोखरच होता; पण पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. दोघे पोहून वाचले, गाडी चालविणारा बुडाला. पूल पाण्याखाली आहे हे कोतुळच्या पोराटोरांसही ठाऊक असणार; परंतु त्या वेळी त्या वळणावर कोणी उभा नव्हता, आणि मोटारीतल्यांस कोणास विचारावे अशी शंकाही आली नसावी. शंका का यावी? यंत्राच्या आवाजात ती नव्हती. कोतुळ हे गाव अकोले तालुक्यातले. इंग्रजी अक्षरांत आमचे अकोला आणि ते अकोले यांत एका अक्षराचा काय तो फरक, आणि जुन्या इंग्रजी कागदांत तोही नाही. परमुलुखातून आमच्या अकोल्यास येणारा मनुष्य यंत्रावर घाईने बोट ठेवील, तर सह्याद्रीच्या पायथ्याशी जाऊन पोचेल, आणि यंत्र त्यास शेवटपर्यंत 'बरोबर चालला आहां' असेच सांगत राहील.

येथे दोष कोणाचा, यावर पुष्कळ वाद होऊ शकेल. नकाशा करणारा म्हणेल, आम्ही हमी दिलेली नाही. रस्त्याचा धनी म्हणेल, तुम्ही डोळे उघडे ठेवावयाचे होते. दोघांचेही म्हणणे अगदीच खोटे नाही, आणि तरीही मनास समाधान होत नाही. आम्हांस वाटते, की सांगणारा सांगण्याच्या क्षणी आपल्या ज्ञानाची हद्दही सांगतो की नाही, यावर त्याचा दोष ठरावा. अकोल्याच्या त्या रात्री आम्हांस डॉक्टरांचे घर ठाऊक नव्हते, हा गुन्हा नव्हता. ठाऊक नसलेले आम्ही ठाऊक असल्याच्या स्वरात सांगितले.

या बाबतीत आमच्याच जिल्ह्यात एक मोठा दाखला पडलेला आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करताना म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी त्यांस पाहिले होते त्यांस गाठून विचारले, आणि रिद्धपूर हे त्या उद्योगाचे केंद्र होते. एकाच प्रसंगाविषयी दोघांचे स्मरण जुळले नाही, तर दोन्ही नोंदवून ठेवण्याची रीत महानुभावांच्या ग्रंथांत आढळते. अशा वेगळ्या स्मरणास तेथे 'वासना' म्हणतात. त्याच पंथाच्या 'स्थानपोथी'त स्वामी कोठे कोठे राहिले ती ठिकाणे दिशा सांगून, अमक्या देवळाच्या पूर्वेस, अमक्या नदीच्या काठी, अशी दाखविली आहेत. ज्यांच्या लेखी त्या वाटा पवित्र होत्या, त्यांनीदेखील शंकेच्या जागी शंका राहू दिली. आपल्या हातातल्या नकाशात असे एखादे चिन्ह असते तर! हा पूल मागच्या पावसाळ्यापूर्वी पाहिला होता. हा रस्ता कोणीच पाहिलेला नाही, वरून काढलेल्या छायाचित्रावरून अंदाजाने रेखाटला आहे. असे म्हणणारे यंत्र कदाचित कोणी विकत घेणार नाही. खात्रीचा आवाज अधिक खपतो.

आता कोणी म्हणेल, की मग माणसासच विचारावे. जुने लोक नाही का वाटाड्या घेऊन जात? या 'जुन्या'विषयी आम्ही सावध राहू इच्छितो. जुन्या गावगाड्यात परक्यास वाट दाखविण्याचे काम महाराकडे असे. सरकारी अंमलदार आला, की आपले काम टाकून त्याने पुढे चालावयाचे, शिवेपर्यंत पोचवावयाचे, ओझेही वाहावयाचे. शिवारातला दगडन्‌दगड त्यास ठाऊक. शिवेचा तंटा पडला तर साक्ष त्याची. आणि ज्याच्या ज्ञानावर सारे गाव विसंबून असे, त्यास गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महारवतनाविषयीचे विधेयक मांडले ते या वेठीविरुद्ध होते, आणि त्या इलाख्यातली असली वतने कायद्याने जावयास त्यानंतर तीस वर्षे लागली. तेव्हा 'पूर्वी माणसे माणसांस वाट पुसत' असे म्हणून ज्यांचा कंठ दाटून येतो, त्यांनी उत्तर देणाराकडेही एकवार पाहावे. त्यास 'ठाऊक नाही' म्हणण्याची मुभा होती काय? 'येत नाही' म्हणण्याची तर नव्हतीच. यंत्राने निदान कोणाच्या पाठीवर हात ठेवून 'चल पुढे' असे म्हटलेले नाही, आणि हे त्याचे पुण्य लहान नाही. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीस रात्री परक्या चौकात काच खाली करून पुरुषांच्या घोळक्यास विचारावे लागत नाही, हेही त्याच पुण्यात धरावे.

एवढे ठरल्यावर गेल्या आषाढात आम्ही तिन्ही यंत्रे उसनी मिळवून स्नेह्यांच्या मोटारघरातून एक फेरी केली. जाताना बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असे हमरस्त्याने अकोल्यास गेलो. याच अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून जगात विक्रम नोंदविण्यात आला होता. अशा रस्त्यावर तिन्ही यंत्रे सारखीच शहाणी ठरतात. किंबहुना तेथे यंत्र नसले तरी चालते. परीक्षा परतीच्या वाटेवर झाली. मूर्तिजापुराहून आम्ही दर्यापूरच्या बाजूस वळलो. हा पूर्णेच्या खोऱ्यातला काळा, खोल, खारपाणपट्ट्याचा मुलूख. उन्हाळ्यात भेगाळतो आणि पावसात चाक गिळतो. एका ठिकाणी रेल्वेखालचा भुयारी मार्ग आला. उंची जाणणारे ते महागडे यंत्र काय म्हणते, याची आम्हांस उत्सुकता होती. ते काहीच म्हणाले नाही. त्या भुयाराची उंची त्याच्या नकाशात भरलेलीच नव्हती, आणि जे भरलेले नाही ते मोकळे, असा त्याचा हिशेब होता. वहिनी कशाबशा खाली उतरल्या, तोंडावर रंगविलेला आकडा वाचला, आत साचलेले पाणी पाहिले, आणि परत येऊन एवढेच म्हणाल्या, "आपलं घर साडेनऊ फुटांचं आहे, विसरलात का?"

वळसा घालून पुढे गेल्यावर फोनने डाव्या हातास एक जवळची वाट दाखविली. वाट म्हणजे दोन वावरांमधली पांधण. स्नेही मोह आवरीत नव्हते. मास्तरांस जवळच्या वाटेचा मोह का पडावा, हे आम्हांस कळले नाही. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी पांधणीतूनच बाहेर आली. तिची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली होती.

"माय, ही वाट निघते का पुढे?" स्नेह्यांनी विचारले.

"नोका जाऊ बापू इकून. काल ट्रॅक्टर फसला अंदर. नाल्यापावतर म्या आत्ताच पाह्यलं. नाल्याच्या पल्याडचं मले काई मालूम नाई."

तिने भारा सावरला आणि ती निघून गेली. आमच्यावर उपकार केल्याचा भाव तिच्या चेहऱ्यावर नव्हता, आणि आम्ही तिचे ऐकतो की नाही हे पाहावयास ती थांबलीही नाही. आम्ही मात्र बराच वेळ तिच्या शेवटच्या वाक्याचा विचार करीत होतो. चाळीस वर्षांपूर्वी आम्हांस जे साधले नाही, ते तिने डोक्यावरचा भारा न उतरविता केले. तिच्या सल्ल्यावर विसंबण्यास तिचे पाय हेच प्रमाण होते. आणि जेथे पाय गेले नव्हते तेथे तिचे सांगणेही थांबले. यंत्र तिच्याहून शतपटीने अधिक जाणते, यात शंका नाही. परंतु आपले जाणणे कोठे संपते, हे त्यास तिच्याइतके कळत नाही, निदान अजून कळत नाही. आणि ते ठाऊक नसलेला सोबती जितका विद्वान तितका अधिक धोक्याचा, कारण त्याच्या विद्वत्तेने आपण आपले डोळे मिटून घेतो.

स्नेह्यांस आम्ही शेवटी काय सांगितले, हे वाचक विचारतील. आम्ही दुसऱ्या प्रकारचे, पोटात नकाशा असलेले यंत्र घ्यावे असे सुचविले. त्यांस मेळघाटात जावयाचे आहे, आणि सेमाडोह–हरिसालच्या बाजूस डोंगरांत दूरध्वनीचे जाळे मधूनमधून तुटते. फोन तेथे ऐन वळणावर मुका होईल. तिसरे यंत्र वाईट नाही. आपल्याकडच्या पुलांच्या उंच्या नकाशात भरल्या गेल्या म्हणजे ते जरूर घ्यावे. तोपर्यंत दुप्पट पैसे मोजून खोटी निश्चिंती विकत घेण्यात अर्थ नाही. घेतलेल्या यंत्रास कच्चे रस्ते वर्ज्य करावयास सांगून ठेवावे, नकाशा दर पावसाळ्यानंतर नवा भरून घ्यावा, आणि चालकाच्या डोळ्यांसमोर गाडीची उंची मोठ्या अक्षरांत लिहून लावावी. यांतले शेवटचे काम वहिनींनी त्याच दिवशी केले.

त्यांनी आणखी एक वही घातली आहे. वाटेत ज्यांस ज्यांस विचारले, त्यांनी काय सांगितले, ते बरोबर निघाले की नाही, हे त्या रोज रात्री तीत टिपतात. नाव लिहीत नाहीत, ठिकाण आणि महिना लिहितात. परवा त्यांनी ती आम्हांस दाखविली. पहिल्याच पानावर आषाढातली ती नोंद आहे: मूर्तिजापूर–दर्यापूर, पांधण, गवतवाली आजी, नाल्यापर्यंत खात्री, पुढचे ठाऊक नाही. दुसऱ्या पानावर अमरावतीच्या एका गृहस्थाने दाखविलेली वाट आहे, तीपुढे चुकीची म्हणून फुली मारलेली आहे, आणि ते गृहस्थ आम्हीच आहो.